माझ्या पोटातलं पायाळू

मी टेबलावर आडवी होते. कुर्ता छातीपर्यंत वर. पोटावर सोनोग्राफीचं गार जेल तसंच, पुसायला कुणी कागदही दिला नव्हता. दार अर्धं उघडं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका आत बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या.

डॉक्टरांचा हात माझ्या पोटावर होता आणि बोलणं माझ्या नवऱ्याशी चाललं होतं.

"बाळ उलटं आहे. पाय खाली. सोमवारी सिझर करून टाकू."

करून टाकू. नववा महिना नुकताच लागला होता. मी आडव्यानंच विचारलं, बाळ आपणहून फिरेल का? फिरवता येतं का? आडव्या माणसाचा आवाज वरपर्यंत पोचत नाही बहुतेक. डॉक्टर बेसिनकडे जाऊन हात धुवायला लागले.

कर्वेनगरातलं हे हॉस्पिटल मला काकूंनी सुचवलं होतं. काकू म्हणजे ज्यांच्या घरी माझी आई माझ्या जन्माच्या आधीपासून धुणं-भांडी करते त्या. माझं नाव सांग, नीट बघतील, असं त्यांनी बजावलं होतं. ते नाव सांगेपर्यंत डॉक्टर मला अहो-जाहो करत होते. खराडीत नोकरी, कंपनीचा विमा, अंगावर बरा कुर्ता. मला वाटलं, ओळख सांगितली तर दोन मिनिटं जास्त मिळतील. म्हणून खुर्चीत बसल्यावर मी काकूंचं नाव घेतलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अच्छा. म्हणजे तू त्यांच्या भांडीवालीची मुलगी."

तिथून पुढे मी 'तू' झाले. मी तरी पुन्हा विचारलं. म्हटलं, पोटावरून हातानं बाळ फिरवून बघतात असं मी वाचलंय, माझ्या बाबतीत ते होईल का, आणि नसेल होत तर का नाही. डॉक्टर हसले. दारातल्या नर्सला म्हणाले, "सिस्टर, माझी खुर्ची यांना द्या. आजपासून ओपीडी या घेणार आहेत."

सिस्टर हसली. बाहेरच्या बाकावरूनही कुणीतरी हसलं. मग डॉक्टर नवऱ्याकडे वळले.

"हिला जरा समजवा. तुझ्या आईला विचारलं होतं का कुणी, कोणता पर्याय हवाय म्हणून? झालीस ना तरी?"

वाक्याची सुरुवात नवऱ्याशी आणि शेवट माझ्याशी. नवऱ्यानं मान हलवली. हो म्हणून. मला डॉक्टरांचं हसणं लागलं, पण त्या मान हलवण्यानं जे झालं ते वेगळंच. माझं पोट, माझं मूल, आणि दोन पुरुषांचं माझ्या डोक्यावरून ठरलंसुद्धा.

नवरा मूळचा यवतमाळकडचा. चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वाईट माणूस नाही. पण पांढरा कोट दिसला की त्याच्या पाठीचा कणा विरघळतो. जिन्यात म्हणाला, "कायले वाद घालतं? डॉक्टर हायेत ते." जेल कुर्त्याला लागून कापड पोटाला चिकटलं होतं. कात्रजला घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी ते सोडवत बसले.

माझं काम सांगते, म्हणजे माझा राग कळेल. मी खराडीच्या एका ऑफिसात मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन घेतलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. आमचा पहिला नियम असा आहे की गिऱ्हाइकाला सगळे मार्ग सांगितल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. दुरुस्ती होईल, बदलून मिळेल, नाहीतर पैसे परत. कशात काय धोका, काय फायदा, ते त्याला समजेल असं सांगायचं आणि मग विचारायचं, आपल्याला काय सोयीचं वाटतं? गिऱ्हाईक शिव्या देत असलं तरी विचारायचं. मिक्सरच्या भांड्यासाठी मी दिवसभर लोकांना आपण-आपण करते. माझ्या पोटासाठी मला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

पण मला गप्प बसायची सवय जुनी आहे. ती माझ्या पायांनी लावली.

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले. आपल्याकडे समज आहे की पाठीत उसण भरली, कंबर धरली, तर पायाळू माणसाचा पाय लावायचा, दुखणं पळतं. काकूंच्या यजमानांची कंबर वरचेवर धरायची. मग आईला सांगावा यायचा, संध्याकाळी पोरीला घेऊन ये. मी प्राथमिक शाळेत होते. आई मला घेऊन जायची. आधी मागच्या गॅलरीतल्या नळाखाली पाय धुवायचे. मग गॅलरीपासून आतल्या खोलीपर्यंत वर्तमानपत्रं अंथरलेली असायची. त्यांच्यावरूनच चालायचं, फरशीला पाय लागू द्यायचा नाही. आत काका चटईवर पालथे, बनियन वर केलेला. मी त्यांच्या कमरेवर पाय ठेवायचा आणि दाबायचा. काका कण्हायचे. मग उतरायचं आणि पुन्हा वर्तमानपत्रांवरून परत. मी गॅलरीत पोचायच्या आत काकांची आंघोळ सुरू झालेली असायची.

एकदा मला तहान लागली आणि मी स्वयंपाकघरातल्या माठाकडे गेले. काकू धावत आल्या. रागावल्या नाहीत, त्या कधीच रागवत नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, तू नको हात लावू, मी देते. गॅलरीच्या कठड्यावर एक चेपलेला पेला असायचा. त्यात त्यांनी वरून पाणी ओतलं.

माझा हात त्यांच्या माठाला चालत नव्हता. पाय मात्र पाठीला चालत होता. हे मला त्या वयातही कळलं होतं, फक्त कुणाला सांगायचं ते कळलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, देवानं गुण दिलाय, वापरायचा. त्याच बिल्डिंगमधली एक मुलगी माझ्या वर्गात होती. तिनं वर्गात सांगितलं. मग मधल्या सुट्टीत पोरं माझ्यापुढे वाकून उभी राहायची, ए पायाळू, इथे दुखतंय, मार लाथ. मी एकालाही मारली नाही. आज वाटतं, मारायला हवी होती, आणि चांगली जोरात.

तर असं माझं पायाळूपण. आणि आता माझ्या पोटात दुसरं.

त्या रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. बाळंतपणासाठी ती आमच्याकडे राहायला आली होती आणि इथूनच रोज कर्वेनगरला कामाला जात होती. बाळ पायाळू आहे म्हटल्यावर तिला आनंद झाला. खरंच झाला. दुसऱ्या दिवशी कामावर तिनं कौतुकानं काकूंना सांगितलंसुद्धा. आणि संध्याकाळी मला काकूंचा फोन.

त्यांनी आधी तब्येत विचारली. मग मुद्द्यावर आल्या. "सिझर करू नकोस हं. सिझरचं पायाळू धरत नाहीत, त्याचा गुण येत नाही. पायांनीच येऊ दे. डॉक्टरांशी मी बोलते." पुढे हेही म्हणाल्या की ह्यांची कंबर अलीकडे फारच धरते, आणि तू कात्रजला गेल्यापासून आमची पंचाईतच झाली आहे.

काकूंच्या मुलीचं सिझर याच डॉक्टरांनी केलं होतं, मुहूर्त काढून. त्यांच्या नातवानं कुठून यायचं ते पंचांग बघून ठरलं. माझ्या मुलानं कुठून यायचं ते काकांची कंबर बघून ठरणार. मी फोनवर फक्त "बघते" म्हटलं. इतक्या वर्षांची गप्प जीभ, एका दिवसात कशी सुटेल?

फोन ठेवला आणि आईला विचारलं, गावी मी झाले तेव्हा काय झालं होतं? मला तेवढीच गोष्ट माहीत होती की पोर पायाळू झाली म्हणून आजीनं गूळ वाटला. आई भाकरी थापत होती. थापतच राहिली. मग तवा उतरवून ठेवला.

"तुझं पाय आलं आन् डोकं आडकलं," ती म्हणाली. "सुईण वढत व्हती. म्या मेलेच व्हते समज. लई रगात गेलं. तुझ्यामागं मला दुसरं लेकरू झालं न्हाई ते त्याच्यानंच. लोकांनी तुझं पाय बघितलं. माझं काय झालं ते कुणी बघितलं न्हाई."

मी विचारलं, आधी कुणाला कळलं नव्हतं का पाय खाली आहेत ते?

"कळलं व्हतं की. सुईणीनं आदल्या दिशीच सांगितलं व्हतं. मोठ्या दवाखान्यात न्यायचं का न्हाई, ते भायेर बाप्यांचं चाललं व्हतं. मला कुणी इचारलं न्हाई गं."

डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाले होते, तुझ्या आईला कुणी विचारलं होतं का, झालीस ना तरी. मला केबिनमध्ये उत्तर सुचलं नव्हतं. ते माझ्याच स्वयंपाकघरात पाटावर बसलं होतं. माझ्या पायाचा गुण म्हणून गावभर मिरवलेली गोष्ट ही होती: एक बाई मरता मरता वाचली आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं. रागाचं रडू. हुंदक्यानं पोट हललं आणि आतून बाळानं खाली लाथ मारली.

मी काकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, काकांच्या कंबरेसाठी माझं मूल जन्माला येत नाहीये. यापुढे आमच्या घरातल्या कुणाचा पाय मागू नका."

मग काकू त्याच गोड आवाजात म्हणाल्या की अगं, मी तुझ्या भल्याचंच सांगतेय, आईला दे जरा. मी आईकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्या घरानं तिला मीठ-मिरची पुरवली त्या घराचा फोन. तिनं पिठाचे हात पुसले आणि फोन घेतला.

"वहिनी, उद्यापास्नं म्या येत न्हाई. दुसरी बाई बघा."

एवढंच बोलून तिनं फोन मला दिला आणि तवा पुन्हा चढवला. मी तिला असं कर म्हटलं नव्हतं. तिचं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि कामावर करते तेच केलं. फोन. एकामागून एक हॉस्पिटलांना विचारत गेले, बाळ पायाळू असेल तर बाहेरून फिरवून बघता का? काहींनी फोन ठेवला. एका रिसेप्शनिस्टनं विचारलं, मॅडम, तुम्ही पेशंटच आहात ना? शेवटी एका ठिकाणी म्हणाले, या, आमच्या डॉक्टर करतात, पण आधी तपासून ठरवतील.

त्या डॉक्टर काही देवी नव्हत्या. दमलेल्या होत्या, मधूनच मोबाइल बघत होत्या, उशीर झाला म्हणून माझ्यावर खेकसल्याही. पण त्यांनी दार लावलं. तपासून झाल्यावर पोट पुसायला कागद दिला. मी उठून बसेपर्यंत थांबल्या आणि मग माझ्याकडे बघून बोलल्या.

त्यांनी सांगितलं की काही बाळं शेवटी आपणहून फिरतात, पण त्या भरवशावर फार दिवस राहता येत नाही. पोटावरून दाबून फिरवायचा प्रयत्न करता येतो. दुखतं. जमेलच असं नाही. क्वचित बाळाचे ठोके बिघडतात, म्हणून ते ऑपरेशनची तयारी ठेवूनच करायचं. नाहीतर ठरवून सिझर. त्यात बाळाला धोका कमी, पण तुमच्या पोटावर शस्त्रक्रिया आहे आणि पुढच्या बाळंतपणात त्या व्रणाचा विचार करावा लागतो. राहिली खालून प्रसूती. काही पायाळू बाळं तशी नीट होतात, पण त्यासाठी त्यात मुरलेली माणसं हवीत आणि बाळ नीट बसलेलं हवं. तुमच्या बाळाचा एक पाय सरळ खाली आहे. पिशवी फुटून पाणी गेलं तर नाळ आधी घसरू शकते, शेवटी डोकं अडकू शकतं. म्हणून तो मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला काय वाटतं?"

पोट पुसलेला कागद अजून मुठीत होता, मी त्याची घडी घातली. नवरा बाजूलाच बसला होता. त्याचं तोंड उघडायला लागलं होतं. डॉक्टर त्याला म्हणाल्या, "त्यांना विचारलंय."

मी म्हटलं, फिरवून बघू. नाही फिरलं तर सिझर.

चार दिवसांनी फिरवायचं ठरलं. त्या दिवशी पोटाला पट्टे बांधले, बाळाचे ठोके खोलीभर ऐकू यायला लागले. गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं. माझंच हृदय धडधडायला लागलं. डॉक्टरांनी एक हात खाली घातला, एक वर, आणि ढकलायला सुरुवात केली. कणीक तिंबावी तसं पोट दाबत होत्या. मी दात आवळून धरले. बाळ सरकत होतं, मला आतून कळत होतं, एक गोल टणक डोकं बरगडीखालून बाजूला येत होतं. अर्ध्यावर येऊन अडलं. पुन्हा दाबलं. आणि ठोके मंदावले.

ठोक्यांच्या मधली जागा लांबत गेली. डॉक्टरांनी हात काढले, मला कुशीवर वळवलं. मी भिंतीकडे बघत मोजायचा प्रयत्न करत होते आणि मला मोजता येत नव्हतं. माझ्या हट्टापायी हे जातंय का? डॉक्टरांची खुर्ची मागणारी मी कोण? त्या घटकेला मला कर्वेनगरच्या डॉक्टरांचं हसणं ऐकू आलं, शपथ. मग ठोके सावरले. हळूहळू, आणि मग भराभर.

डोकं सरकून पुन्हा बरगडीखाली गेलं होतं. डॉक्टरांनी कपाळ पुसलं. म्हणाल्या, अजून एकदा बघता येईल, नाही म्हणालात तरी चालेल. मी म्हणाले, नको. बास. सिझर करू. त्यांनी मान डोलावली आणि लगेच सांगितलं की त्याआधी पाणी गेलं तर वाट बघायची नाही, कळा नसल्या तरी आडवं व्हायचं आणि गाडीनं निघायचं. दिवसभर मला तिथंच ठेवून घेतलं, ठोके पाहिले, मग घरी सोडलं.

आणि सिझरच्या ठरल्या दिवसाच्या आधीच एका सकाळी चहा गाळताना पाणी गेलं. कळ एकही नाही. नवरा म्हणाला, कळा सुरू होऊ दे, मग निघू. मी तिथेच फरशीवर आडवी झाले आणि म्हटलं, गाडी बोलवा, आत्ता. मला सांगितलेलं होतं, म्हणून मला माहीत होतं. कात्रज चौकात सिग्नलला अडकलो तेव्हा मी मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून कुशीवर पडले होते आणि एकच गोष्ट तपासत होते, आत हालचाल आहे का. होती. नंतर बराच वेळ नव्हती. मग पुन्हा होती.

हॉस्पिटलात एका नर्सनं सहीसाठी कागद नवऱ्यापुढे धरले. मी स्ट्रेचरवरून हात लांब केला. म्हटलं, पोट माझं कापायचंय ना? तिनं कागद माझ्याकडे दिले. मी वाचले. घाई होती, तरी वाचले.

मुलगी झाली. बाहेर काढताना तिचा डावा पाय आधी हाताला लागला, असं डॉक्टरांनी सांगितलं. रडायला थोडा वेळ घेतला तिनं. तो वेळ मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात नवरा माझ्या शेजारी बसला होता. मुलगी पाळण्यात झोपली होती. टाके ओढत होते, खोकलाही येऊ द्यायची भीती वाटत होती. तो म्हणाला, वाईट मनानं नाही, खरंच न कळून म्हणाला, "शेवटी सिझरच झालं ना? तो डॉक्टर बी तेच सांगत होता. मग एवढं कायले केलं?"

मी उशीला टेकून सरळ झाले. वेळ लागला.

"त्यानं माझं पोट कापलं असतं," मी म्हणाले. "इथं मी कापू दिलं. हा फरक तुम्हाला आज नाही कळला तरी चालेल. पण एक ऐकून ठेवा. मला सोडून पुन्हा कुणी तुमच्याशी माझ्याबद्दल बोललं आणि तुम्ही मान हलवलीत, तर तिथून पुढे तुम्ही बाहेर बसायचं. हिच्या बाबतीतही तेच. हिच्यासाठी कोण काय ठरवतंय ते मी बघेन, आणि हिला कळायला लागलं की ही बघेल."

मुलगी कुरकुरली. तो सवयीनं उठला, पाळण्यात वाकला, दोन्ही हात तिच्याखाली घालायला गेला आणि थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "घेऊ का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. विचारलं म्हणून लगेच हो म्हणायचंच असं नसतं, हे आता आमच्या घरात सगळ्यांना शिकावं लागणार आहे.